घाटात तापणारी जुनी डिझेल गाडी: हेड उघडण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वीसेक वर्षं जुनी, अडीच लिटर टर्बो डिझेल इंजिनाची फोर बाय फोर. सपाट रस्त्यावर टेम्परेचरचा काटा मधोमध असतो, जागचा हलत नाही. घाट लागला की चौथ्या-पाचव्या किलोमीटरपासून काटा चढायला लागतो आणि माथ्याजवळ लाल पट्टीला टेकतो. गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये हलक्या रेसवर ठेवली की काही मिनिटांत उतरतो. रेडिएटर नवा बसवला, वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून टाकला, तरी फरक नाही. आता हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील गेलंय, हेड उघडावं लागेल असं सांगितलं गेलंय. उघडावं का?

अजून उघडू नका. हेड एकदा उतरवलं की नवं गॅस्केट, नवे बोल्ट, फेसिंग (हेडची बैठक घासून सपाट करणं) हे सगळं ओघानं आलंच. आणि एवढं करून गॅस्केट चांगलं निघालं, तर तपास होता तिथेच राहतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. अशीच घाटात तापणारी एक गाडी होती. रेडिएटरची कॅप उघडून पाहिलं तर पाण्यात बुडबुडे दिसले, मी हेड उतरवलं. गॅस्केटच्या सगळ्या कडा शाबूत, हेड पट्टी लावून पाहिलं तर सरळ. दोष फॅन क्लचमध्ये, म्हणजे पंख्याला इंजिनाशी जोडणाऱ्या डबीत होता, आणि बुडबुडे आधीच्या कामात पाणी भरताना आत राहून गेलेल्या हवेचे होते. मालकाला मी नको त्या खर्चात घातलं, ते आजही मनाला लागतं. तेव्हापासून गाडी नेमकी कधी आणि कशी तापते हे समजल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही.

तुमच्या वर्णनात निम्मं निदान आहेच. चढाला इंजिनावर किती भार येतो ते आधी पाहा. सामानासकट २,२०० किलोची गाडी १,००० मीटर वर न्यायची म्हणजे साधारण २१ ते २२ मेगाज्यूल काम झालं. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि जुनं इंजिन त्यातली तीसेक टक्केच चाकापर्यंत पोचवतं असं धरलं, तर निव्वळ उंची चढायला दोन लिटर डिझेल जळतं. सपाट रस्त्यावर लागतं ते वेगळं. त्यातला दोन-तृतीयांशाहून जास्त भाग उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर पडायला हवा. आणि हे सगळं ताशी २५-३० च्या वेगात, म्हणजे समोरून वारा जवळजवळ नसताना. सपाटीवर ताशी ८० नं पळणाऱ्या गाडीचा पंखा मेलेला असला तरी कळत नाही, कारण वारा त्याचं काम करून टाकतो. घाटात तो उघडा पडतो.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो वेळेचा. हळू आणि भाराखाली तापते, भार काढला की लगेच उतरते, अशा गाडीत संशय हवेवर: फॅन क्लच, फॅनभोवतीचं काउल (आवरण), रेडिएटरच्या पुढे साचलेला कचरा. उलट, घाट कसाबसा चढते पण मोकळ्या रस्त्यावर ताशी ९० ला तापते, अशा गाडीत पाणी पुरेसं फिरत नाही: रेडिएटरचा कोअर (नळ्यांची जाळी) आतून चोंदलेला, पंपाचं चक्र झिजलेलं किंवा खालचा होज (रबरी नळी) आत ओढला जाणारा. थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय आणि तिथे हेडचा विषय खरंच येतो. काटा अचानक चढतो, अचानक पडतो, पुन्हा चढतो असं असेल तर पाणी कमी आहे किंवा सिस्टीमनं हवा धरली आहे. तुमची गाडी पहिल्या प्रकारात अगदी चपखल बसते. हेड गॅस्केट गेलेली गाडी बहुधा इतक्या शहाण्यासारखी दोन-चार मिनिटांत ताळ्यावर येत नाही. ती पाणी फेकते, आणि थंड झाल्यावर पाण्याची टाकी रिकामी दिसते.

काट्यावर मात्र पूर्ण विश्वास टाकू नका. बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो की १०० च्या आसपास, तो मधोमधच दाखवतो आणि त्यानंतर एकदम उसळतो. म्हणजे तो हलायला लागतो तोवर बराच उशीर झालेला असतो. अर्थिंग खराब असेल तर हेडलाइट लावल्यावरही काटा सरकतो. हे दिवे लावून-बंद करून लगेच पडताळता येतं. सर्वांत घातक प्रकार वेगळाच. होज फुटून पाणी निघून गेलं की सेन्सर उघडा पडतो, त्याला पाणी लागतच नाही, आणि काटा खाली येतो. चालकाला वाटतं गाडी थंड झाली, आणि तो चालवत राहतो. माझ्यापर्यंत आलेल्या वितळलेल्या पिस्टनांमागे ही गोष्ट मी एकापेक्षा जास्त वेळा ऐकली आहे. चढता चढता काटा विनाकारण खाली आला तर ती आनंदाची बातमी नाही, तिथेच इंजिन बंद करा. जुन्या डिझेलला आकडे दाखवणारा वेगळा मीटर आणि हेडच्या धातूला थेट टेकणारा सेन्सर बसवणं हा मला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च वाटतो. पाणी नसलं तरी धातूचं तापमान तो दाखवतोच.

आता तुमच्या गाडीतला पहिला संशयित, फॅन क्लच. पंखा इंजिनाला थेट जोडलेला नसतो, मध्ये एक गोल डबी असते आणि तिच्यात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं. डबीच्या पुढच्या तोंडावर घड्याळातल्या स्प्रिंगसारखी एक पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, आतली झडप उघडते, तेल चकत्यांमध्ये शिरतं आणि पंखा जोर धरतो. वर्षानुवर्षांत हे तेल पाझरतं. मग पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. नुसतं पाहून फिटर म्हणतो, पंखा चालू आहे की. तपासायचं असं: रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी सुरू करून थोडी रेस द्या. पहिले काही सेकंद पंख्याची घरघर ऐकू यायला हवी, मग ती कमी व्हायला हवी. नंतर घाट चढून गाडी चांगली तापली असताना थांबवा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि पंखा हातानं ढकला. अर्ध्या-पाऊण फेऱ्यात अडखळून थांबला तर क्लच जिवंत. गरम असतानाही दोन-तीन फेरे मोकळा फिरला तर क्लच मेलेला. डबीच्या मधोमध धुळीनं माखलेले तेलकट ओघळ दिसत असतील तर उत्तर न ढकलताही मिळालं. चालू पंख्यात गुंडाळलेलं वर्तमानपत्र घालून ताकद बघायची एक पद्धत आहे. ती कोणी करताना दिसलं तर थांबवा. पात्याचा तुकडा उडाला तर डोळा जातो.

चांगल्या क्लचचा आवाज तुम्ही एकदा ऐकला की विसरणार नाही. तापलेल्या इंजिनावर चढात अचानक जेट उडाल्यासारखी घरघर सुरू होते, अर्धा मिनिट राहते, थांबते, पुन्हा सुरू होते. तुमच्या गाडीत शेवटची कधी ऐकली, आठवून पाहा.

पंख्याइतकंच त्याच्याभोवतीचं प्लॅस्टिकचं काउल महत्त्वाचं. रेडिएटर बदलताना ते काढावं लागतं, आणि तुटकं, अर्धवट बसवलेलं किंवा परत लावलंच नाही असं मी नेहमी पाहतो. काउल नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची मोकळी हवाच घुसळत बसतो. रेडिएटरच्या वर आणि बाजूंना रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्या असतात, त्याही नव्या रेडिएटरला चिकटवायच्या राहून जातात. मग पंख्यानं मागे टाकलेली गरम हवा फटीतून पुढे येते आणि तीच पुन्हा रेडिएटरमध्ये शिरते. किरकोळ वाटणारी गोष्ट आहे, पण कमी वेगाच्या चढात ती चांगलीच नडते.

आता समोरचा थर. एसीचा कंडेन्सर, काही गाड्यांत इंटरकूलर आणि त्यामागे रेडिएटर, असे पदर एकामागे एक असतात. तुमचा रेडिएटर नवा आहे हे ठीक, पण त्याच्या पुढचा कंडेन्सर जुनाच आहे ना? एका गाडीचा रेडिएटर सोडवून मी मागे ओढला होता, तेव्हा मधल्या दोन बोटांच्या फटीत गवताच्या बिया, किडे, पिसं आणि वाळलेला चिखल यांची सलग गादी जमलेली होती. नखानं ओरबाडली तर पत्र्यासारखी एका तुकड्यात सुटून आली. पुढून पाहिलं तर कंडेन्सर चकचकीत, मागून पाहिलं तर रेडिएटर स्वच्छ, आणि मधे हवा जायला जागाच नाही. चिखलातून जाणाऱ्या फोर बाय फोरला हे हमखास होतं. धुवायचं ते इंजिनाच्या बाजूनं पुढे, साध्या नळाच्या धारेनं. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि जाळी कायमची बंद पडते. अंधारात एका बाजूनं बॅटरी लावून दुसऱ्या बाजूनं पाहा, उजेड सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. जाळीसमोर लावलेले जादा दिवे, विंच, मोठी नंबर प्लेट यांचाही हिशेब धरा.

थर्मोस्टॅट काढून टाकल्याबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण या एका सल्ल्यानं फार इंजिनं खराब झाली आहेत. थर्मोस्टॅट पाणी अडवतो, मग तो नसला तर पाणी जास्त फिरेल, असा हिशेब असतो. बऱ्याच डिझेल इंजिनांत त्या थर्मोस्टॅटच्या खाली दुसरी एक चकती असते. इंजिन थंड असताना पाणी बायपासच्या वाटेनं रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतं. तापल्यावर वरची झडप उघडते आणि त्याच हालचालीत खालची चकती बायपासचं तोंड बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो. पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरला न शिवता परत इंजिनात जातो, आणि नेमक्या चढात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. सपाटीवर मात्र इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, डिझेल जास्त खातं, सिलिंडर झिजतो. म्हणून तुमच्या इंजिनासाठी ठरलेल्या तापमानाचा आणि खालच्या चकतीचा थर्मोस्टॅट परत बसवा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून पाहा. त्यावर छापलेल्या आकड्याजवळ, म्हणजे अनेक जुन्या डिझेलना ७६ ते ८२ अंशांच्या दरम्यान, तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत ८ ते १० मिलिमीटर उघडला पाहिजे. त्याच्या कडेला हलणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला यायला हवी. हवा तिथूनच बाहेर पडते.

रेडिएटरची कॅप ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू, आणि डोंगरात तिचं महत्त्व दुप्पट होतं. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, २,००० मीटर उंचीवर ९३ च्या आसपास. ०.९ बारची चांगली कॅप असेल तर त्याच उंचीवर उकळबिंदू ११५ च्या घरात जातो. कॅपची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर चिरलं की हे वीस-बावीस अंश गेले. मग ९५ अंशांवर अगदी निरोगी चालणारं इंजिन माथ्यावर उकळायला लागतं, आणि खाली आल्यावर कोणालाच दोष सापडत नाही. उंचीवर हवाही विरळ असते, २,००० मीटरला समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी. म्हणजे पंखा तेवढाच फिरला तरी ओढली जाणारी हवा वजनानं कमी. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं ठेवा. नुसतं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालत राहिलात तर इंजिनाच्या आत क्षाराचा थर बसतो, आणि तो धातूच्या मानानं उष्णता फारच कमी जाऊ देतो.

खालचा होज तपासायला दोन माणसं लागतात. एकानं गरम गाडीला २,५०० ते ३,००० आरपीएमवर धरायचं, दुसऱ्यानं हात लांब ठेवून खालच्या होजकडे पाहायचं. पंप त्यातून पाणी ओढतो. होज मऊ पडला असेल किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर तो चपटा होतो. इंजिन बंद केलं की पुन्हा गोल, त्यामुळे उभ्या गाडीत कधीच दिसत नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर घाटातच वापरा, गॅरेजमध्ये थंड झालेल्या गाडीवर नाही. काटा चढल्यावर थांबा आणि इंजिन चालू ठेवून थर्मोस्टॅटचं घर, रेडिएटरचं वरचं तोंड, खालचं तोंड असं मोजा. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा देतो, म्हणून आधीच त्या जागी काळ्या टेपचा तुकडा लावून ठेवा. वर-खाली फरक थोडा आणि दोन्ही खूप गरम, तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही. फरक खूप मोठा, तर पाणी सावकाश सरकतंय. जाळीवरून आडवं मोजत जाताना मधेच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत, आणि हे नव्या रेडिएटरलाही होऊ शकतं.

हे सगळं निर्दोष निघालं तरच हेडकडे वळा, तेही आधी न उघडता. गाडी चालवून, तापवून रात्रभर ठेवा. सकाळी पूर्ण थंड असताना कॅप सावकाश फिरवा. थंड सिस्टीममधून फुस्स करून दाब सुटला तर तो वायू सिलिंडरमधूनच आलेला असतो. दुसरी चाचणी रसायनाची: रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतली हवा निळ्या द्रवातून ओढायची, कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव हिरवट किंवा पिवळा पडतो. ही चाचणी इंजिन भाराखाली चालवून लगेच करा. नुसत्या आयडलवर डिझेलमध्ये ज्वलनाचा वायू इतका पातळ असतो की बारीक गळती निसटते. तिसरी, कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा हातपंपानं भरून पंधरा मिनिटं पंपावरचा काटा पाहणं. बाहेर कुठेही ओल नाही आणि दाब मात्र उतरतोय, तर पाणी आत कुठेतरी जातंय. तिन्ही चाचण्या साफ असतील तर हेडला हात लावायचं कारण उरत नाही.

एक बाजू कूलिंगच्या तपासात सहसा कोणी पाहत नाही: उष्णता मुळातच जास्त तयार होत असेल तर? चढात काळा धूर निघतो का? एअर फिल्टर चोंदलेला, टर्बोचा होज चिरलेला, डिझेल फवारणारी नॉझल थेंब टाकणारी, किंवा ताकद वाढवायला कोणी डिझेल पंपाचा स्क्रू फिरवलेला, यातलं काहीही असलं तर डिझेल जास्त जळतं आणि इंजिन तापतं. डिझेल पंपाचं टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे पडलं असेल तरी तेच. मोठे टायर टाकले असतील तर प्रत्येक गियर उंच झाल्यासारखा होतो, त्याच वेगाला आरपीएम कमी आणि भार जास्त. चाक उचलून हातानं फिरवा, ब्रेक धरून ठेवत असेल तर तो भारही इंजिनच ओढतं.

तोवर घाट चढावाच लागला तर खालच्या गियरमध्ये चढा. उंच गियरमध्ये इंजिन दाबून चढणं ही सर्वांत वाईट सवय, कारण पंप आणि पंखा दोन्ही आरपीएमवर चालतात. २,००० ते २,५०० च्या दरम्यान ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर अर्धाच दाबा. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण जोरात, काचा खाली. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. सेंटर डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नसलेली गाडी असेल तर कोरड्या डांबरावर फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारी खालची गियर रेंज) लावू नका, ट्रान्समिशन ताठतं आणि भार आणखी वाढतो. काटा वर गेला पण पाणी शाबूत असेल तर इंजिन बंद न करता हलक्या रेसवर ठेवा. वाफ किंवा गळती दिसली तर तत्काळ बंद. कॅपला किमान अर्धा तास हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. हेड तिथेच तडकतं.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवतो: गरम गाडीत पंखा ढकलून पाहा, काउल आणि पट्ट्या जागेवर आहेत का ते पाहा, कंडेन्सरच्या मागे बॅटरी लावा, थर्मोस्टॅट परत बसवा, कॅप नवी घाला. मग तोच घाट, तेवढंच सामान, तोच गियर ठेवून चढा, आणि कोणत्या किलोमीटरला काटा हलला ते कागदावर लिहून ठेवा. हे लिहिलेलं हातात असेल तर पुढचा दोष शोधणं कोणत्याही चांगल्या मिस्त्रीला सोपं जाईल.